सर्वे नंबर सत्तेचाळीस

जमीन आता नकाशावरूनच घ्यायची, असं बद्रीनाथनं ठरवलं त्या दिवशी सोमवार होता आणि नळाला पाणी आलेलं नव्हतं.

तसा निर्णय लहानच. पण बद्रीनाथच्या हातात लहान गोष्ट लहान राहत नसे. बीडच्या एका खरेदी-विक्री संघात तो एकोणतीस वर्षं कारकून होता. खत आलं की नोंद, बी आलं की नोंद, ढेप गेली की नोंद. जगात जे काही आहे ते कुठल्या तरी कागदावर असतंच आणि जे कागदावर नाही ते बहुधा नसतंच, अशी त्याची पक्की समजूत होती. (एकोणतीस वर्षांत ती खोडायला कुणी आलं नव्हतं. छबुबाईनं प्रयत्न केला होता, पण ती बायको. तिचं म्हणणं कागदावर नव्हतं.)

जमीन घ्यायची होती तीही छबुबाईपायीच. ती दोन महिन्यांपासून चकलांब्याला भावाकडे जाऊन राहिली होती.

त्याचं असं झालं. बहात्तर सालचा दुष्काळ. गणपतीतच विहिरींचे तळ दिसायला लागले होते. बद्रीनाथ राहत होता त्या आळीत नळ सहा दिवसांतून एकदा यायचा, तोही पाऊण तास, आणि अंगणात सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एकच तोटी. अशाच एका नळाच्या दिवशी छबुबाईला कुणाच्या तरी तेराव्याला जावं लागलं. जाताना तिनं पाच घागरी आणि दोन हंडे ओळीनं मांडले, नवऱ्याला तीनदा बजावलं आणि चौथ्यांदा त्याच्याच तोंडून वदवून घेतलं की नळ आला की भरायचं. बद्रीनाथ उंबऱ्यात पाट टाकून बसला. नुसतं काय बसायचं, म्हणून त्यानं संघाचं एक कोरं रजिस्टर आणून त्याला रेघा मारायला घेतलं. रेघा सरळ येत गेल्या तसा त्याचा जीव रमत गेला. नळ आला. समोरच्या केसरबाईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारण्याऐवजी त्यांनी स्वतःच्या घागरी भरून घेतल्या. पाऊण तासानं नळ गेला तेव्हा बद्रीनाथ बावन्नाव्या पानावर होता.

छबुबाई परत आली. तिनं कोरड्या घागरी बघितल्या, मग रजिस्टर बघितलं आणि ती काहीही बोलली नाही. बद्रीनाथला वाटलं, चला, थोडक्यात निभावलं. (लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्या माणसाला असं वाटावं, यावरूनच त्याची परीक्षा करा.) दुसऱ्या दिवशी सकाळी छबुबाईची ट्रंक एसटीच्या टपावर चढली.

"आगं, पन कावून चाललीस?" बद्रीनाथनं खिडकीखाली उभं राहून विचारलं.

"मी पान्यासाठी न्हाई चालले," छबुबाई गजांतून म्हणाली. "केसरबाई दोन हाका मारून दमली. मी सव्वीस वर्सं मारतीय. लेकरू ना बाळ, घरात बोलाया एक मानूस, आन त्येला आयकू येत न्हाई. आता जितं हिरीला पानी आसंल, आन हाक मारली की 'ओ' म्हनाया चार मानसं आसतील, आसं ठिकान बगा. मग मी येते."

गाडी हलली. बद्रीनाथनं त्यातलं विहिरीचं तेवढं लक्षात ठेवलं.

घर रिकामं म्हणजे किती रिकामं असतं, हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं. तो भात करायचा, तो एक दिवस खिमट व्हायचा आणि एक दिवस खडा. संध्याकाळी संघातून आला की कुलूप काढायच्या आधी तो कडी वाजवायचा. कुलूप सकाळी स्वतःच्या हातानं लावलेलं असायचं, तरी वाजवायचा. केसरबाई समोरून बघायच्या आणि आत जायच्या. त्याला फार एकटं वाटायचं, आणि ते कुणाला सांगावं तर ज्या बाईला सांगायचं तीच गेलेली. मग तो दर रविवारी पोस्टकार्ड लिहायचा. छबुबाईला लिहिता येत नसे, म्हणून उत्तर तिचा भाऊ त्रिंबक लिहायचा. त्रिंबक शब्दांना फार जपून वापरत असे. "आक्का बरी आहे. जमीन पाहिली का." एवढंच. प्रश्नचिन्हसुद्धा नाही.

जमीन त्यानं पाहिली होती. दलालांच्या मागं लागून तीन ठिकाणी जाऊन आला होता. तिसऱ्या ठिकाणी तर विहिरीत चांगलं कमरेएवढं पाणी होतं. बद्रीनाथ हरखून गेला आणि छत्री तिथंच विसरला. अर्ध्या तासानं छत्री आणायला परत गेला, तर दलाल आणि त्याचा मेव्हणा बैलगाडीवरच्या टिपाडातून विहिरीत पाणी ओतत होते. दुपारी दुसरं गिऱ्हाईक यायचं होतं.

तेव्हाच बद्रीनाथच्या मनानं घेतलं. माणूस खोटं बोलेल, विहीर खोटं बोलेल, नकाशा बोलणार नाही. आणि सोमवारी तो रजा टाकून मोजणीच्या कचेरीत नकाशे मागायला गेला.

"कोणत्या गावाचा पाहिजे?" तिथल्या कारकुनानं विचारलं.

"सगळ्याच गावांचे."

कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला. "सरकारी काम आहे का घरगुती?"

"घरगुती. बायको माहेरी गेलीय."

कारकून हळहळला आणि लागेल तेवढे नकाशे काढून द्यायला तयार झाला.

मग दर शनिवारी बद्रीनाथ काखेत सुरळी मारून घरी यायला लागला. गावोगावचे नकाशे. प्रत्येक शेताला नंबर, विहिरीला छोटं गोल, नाल्याला दोन रेघा, गाडीवाटेला तुटक रेघ, झाडाला झाडाएवढंच चित्र. ते त्यानं जमिनीवर पसरले, भिंतीला लावले, दोरीवर टाकले, आणि जागा संपली तेव्हा पलंगावर छबुबाईच्या बाजूला ठेवले. रात्री अंगावरची वाकळ ओढताना माजलगाव खाली पडायचं आणि सकाळी आष्टी पायाखाली यायची. जेवायला बसायचं तर आधी एखादा गाव उचलावा लागे. पण घर भरल्यासारखं वाटायला लागलं, हे खरं. तो नकाशांशी बोलायलाही लागला. "तुला विहीर आहे, पण रस्ता कुठंय रे?" असं काहीबाही. नकाशे उलटून बोलत नसत.

आणि एके दिवशी त्याला सर्वे नंबर सत्तेचाळीस सापडला.

धारूरच्या अलीकडे डोंगरात जांभळदरा नावाचं गाव. गावापासून अर्ध्या मैलावर साडेचार एकरांचा एक तुकडा. त्याच्या मधोमध विहिरीचं गोल. बाजूला तीन झाडं. दोन्ही अंगांनी नाला, आणि नाला जिथं दोन टेकड्यांच्या फटीतून बाहेर पडतो तिथं हद्दीचा दगड. बाकी भोवती काही नाही, नुसता कोरा कागद. बद्रीनाथनं उकिडवं बसून तासभर तो कागद बघितला. लग्नाआधी छबुबाईचा फोटोही त्यानं इतका वेळ बघितला नव्हता.

नकाशाच्या कोपऱ्यात उर्दूत चार ओळी होत्या. त्या त्यानं कोर्टातल्या एका जुन्या पेशकारांकडून वाचून घेतल्या. तेराशे चाळीस फसलीची मोजणी, म्हणजे निजामाच्या राज्यातली, बेचाळीस वर्षांपूर्वीची. दुसरा कुणी असता तर इथं थांबला असता. बद्रीनाथला उलट खात्री पटली. बेचाळीस वर्षांपासून पाणी आहे म्हणजे ते कालपरवाचं नव्हे, जुनं, मुरलेलं पाणी!

त्यानं चकलांब्याला कार्ड टाकलं. त्यात विहीर, झाडं, नाला, सगळं नंबरासकट लिहिलं आणि खाली सही करून तारीख घातली. त्रिंबकचं उत्तर आलं. "आक्का विचारते पाणी कागदावर पाहिलं का तांब्यात."

म्हणून तो रजा काढून निघाला. कामाला पक्का माणूस, तयारीनंच निघाला. नकाशा फडक्यावर चिकटवलेला, एक होकायंत्र, मोजपट्टी, छत्री. लांबून खूण दिसावी म्हणून एक बांबू आणि त्याला बांधायला छबुबाईच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा. शिवाय खांद्यावरच्या पिशवीत नोंदवही, पेन आणि शाईचा डबा. शाईचा डबा कशाला, असं त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चप्पल घालावी तसा तो शाईचा डबा घेऊन बाहेर पडत असे.

धारूरला एसटीतून उतरून चार मैल तो उन्हात चालला. आणि सत्तेचाळीस नंबरात उभा राहिला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की नकाशातली एकही गोष्ट जागेवर नाही. नाला होता, पण त्यात वाळू आणि शेळ्यांच्या लेंड्या. तिन्ही झाडांचे बुंधेसुद्धा कुणीतरी सरपणाला नेलेले. विहिरीच्या जागी एक खोलगट खड्डा, आणि त्यात वेडी बाभूळ इतकी माजलेली की तिला कुठून पाणी मिळतं हे तिलाच विचारावं. टेकड्यांच्या फटीत हद्दीचा दगड तेवढा होता. बुडणाऱ्याला काडी मिळावी तसा बद्रीनाथला आनंद झाला. त्यानं दगडाशेजारी बांबू रोवला, त्याला लाल तुकडा बांधला, लांब जाऊन एक डोळा मिटला आणि नकाशा आडवा-उभा धरून बघायला लागला. नकाशा आडवा धरला तरी विहीर कोरडी आणि उभा धरला तरी कोरडीच.

"सायेब, मोजनी हाय का?"

मागं एक मेंढपाळ उभा होता. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी आणि मागं सात मेंढरं, त्यातली दोन बसलेली. त्याचं नाव हरिबा.

"हो, जरा मोजतोय," बद्रीनाथ म्हणाला. "पण मी साहेब नाही. माझं आपलं घरगुती काम आहे."

"मोटे सायेब आसंच म्हन्तात," हरिबा समजुतीनं म्हणाला. "गेल्या टायमाला शेजारच्या गावात आलते, त्ये बी म्हनले, सहज आलोय. आठ दिसांत तितं तळ्याचं काम सुरू. आमच्या बाया पाच मैल चालून जात्यात तितं खडी फोडाया." त्यानं लाल तुकड्याकडं बघितलं. "बांद हितून घ्यायचा का?"

"कसला बांध?"

"बरं, बरं. आमी न्हाई बोलत कुनाला," असं म्हणून हरिबानं मेंढरं तिथंच सोडली आणि तो गावाकडं पळत सुटला.

तासाभरानं बद्रीनाथनं नकाशातून डोकं वर काढलं, तर समोर सगळं गाव. टिकाव, फावडी, पाट्या घेऊन दीडएकशे माणसं फटीच्या तोंडाशी ओळीनं उभी होती. ओळीनं उभं राहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दुष्काळी कामावर जो आधी उभा राहतो त्याचं नाव हजेरीपटावर आधी येतं, एवढं त्या वर्षानं सगळ्यांना शिकवलं होतं.

"हे बघा," बद्रीनाथ घाबरून म्हणाला, "तुमचा काहीतरी गैरसमज—"

"हरिबा सटवा," ओळीत पहिला उभा राहिलेला मेंढपाळ छाती काढून म्हणाला.

आणि इथं बद्रीनाथच्या हातानं दगा दिला. समोर माणूस उभा राहून नाव सांगतोय आणि बद्रीनाथ लिहीत नाही, असं एकोणतीस वर्षांत कधी घडलं नव्हतं. वही उघडली गेली. 'अ. क्र. १' असं लिहून झालं. तोंड म्हणत होतं, "अहो, मी नुसता कारकून आहे," आणि हात शाईचा डबा उघडून म्हणत होता, "डाव्या अंगठ्याचा ठसा." दुसरा सिदू. तिसरी बायनाबाई. दहाव्या नावापाशी त्यानं पट्टीनं समास आखला. पन्नासाव्या नावापाशी वय आणि घरातली माणसं असे दोन रकाने वाढवले. एकशे त्रेपन्न नावं झाली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, आणि इतकी देखणी यादी आपण आजवर केलेली नाही, याचा त्याला अभिमानसुद्धा वाटला. मग त्यानं पेनाला टोपण लावलं आणि ओळीकडं बघितलं. या लोकांना आता सांगायचं काय?

तेवढ्यात बायडाबाई नावाच्या म्हातारीनं त्याच्यापुढं फडकं सोडलं. रेशनच्या मिलोची, म्हणजे लाल परदेशी ज्वारीची भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि एक तांब्या पाणी.

"खावा सायेब. सकाळधरनं उन्हात हायसा."

"पाणी कुठून आणलं?"

"दोन कोसावरनं. प्या, प्या. त्येचं काय एवडं."

बद्रीनाथनं भाकरी मोडली. ती वातड होती आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं. (ठेच्यानंच आलं, असं त्यानं बायडाबाईला सांगितलं.) भोवती माणसं बसली. कुणी विचारलं, गाव कोणतं. कुणी विचारलं, लेकरं किती. नाहीत म्हटल्यावर कुणी च्च केलं नाही, नुसतं तांब्या पुढं सरकवला. बायडाबाईनं विचारलं, "घरी वाट बगाया कोन हाय?" आणि बद्रीनाथनं तांब्या तोंडाला लावला. चार महिन्यांत त्याच्याशी मिळून इतकी माणसं बोलली नव्हती. मी साहेब नाही हे त्याला पुन्हा एकदा सांगायचं होतं. पण सांगितलं की ही माणसं उठून जातील, असं त्याला वाटलं, आणि तो भाकरी चावत राहिला. माणूस एकटा असला की असा स्वार्थी होतो. त्याचं त्यालाच वाईट वाटत होतं, पण भाकरी गोड लागत होती.

आणि त्याच वेळी त्याला गजांतून बोललेल्या छबुबाईचं उरलेलं बोलणं आठवलं. विहीर नव्हे, त्याच्या पुढचं. चार माणसं. इथं तर एकशे त्रेपन्न होती, आणि ती अनुक्रमांकासकट!

शेवटी अर्जुनराव आले. गावच्या सोसायटीचे चेअरमन, पांढरं धोतर, हातात काठी. बद्रीनाथ त्यांना बाजूला घेऊन गेला आणि खरं ते सगळं सांगून मोकळा झाला. संघ, नळ, रजिस्टर, छबुबाई, नकाशा, सगळं.

अर्जुनरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी फटीतल्या लाल तुकड्याकडं बघितलं, टिकाव घेऊन बसलेल्या गावाकडं बघितलं, आणि वहीतली यादी शेवटपर्यंत उलटून बघितली.

"ठसे बी घेतले?"

"सवय," बद्रीनाथ ओशाळून म्हणाला.

"झाक. काम मागाया तहसिलात आशीच यादी लागती. आमच्या सेक्रेटरीला दोन वर्सांत जमली न्हाई." मग अर्जुनराव थोडा वेळ टेकड्यांकडं बघत राहिले. "आन जमीन कोनती पसंत पडली म्हनला?"

"सत्तेचाळीस."

"ती माजीच हाय," अर्जुनराव म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं प्रेमळ हसू आलं की बद्रीनाथला गहिवरून आलं. "घ्या की. तुमच्यासारका भला मानूस गावात आला तर काय वाईट? हिरीचा गाळ काडला की पानीच पानी. पन खरेदी आठ दिसांत करून टाकू. मला लांबन लावाया आवडत न्हाई. आन ही यादी तेवडी द्या माज्याकडं."

हजारदा नोंदी तपासणाऱ्या बद्रीनाथला इतकंही सुचलं नाही की दोन टेकड्यांच्या फटीत बांध पडला तर पाणी कुणाच्या शेतात उभं राहील. अर्जुनरावांना ते उभ्या उभ्या सुचलं होतं. सरकार बुडीत जमिनीची भरपाई, म्हणजे मावेजा, देतं खरं, पण तो हातात पडेपर्यंत नातवाला मिशा फुटतात, हेही त्यांना ठाऊक होतं. आठव्या दिवशी खरेदीखत झालं, आणि नवव्या दिवशी यादी तहसिलात पोचली.

बद्रीनाथनं छबुबाईला कार्ड लिहिलं. "जमीन घेतली. माणसं पुष्कळ आहेत." पाण्याबद्दल त्यानं काही लिहिलं नाही. आपण साहेब नाही हे कळल्यावर गाव आपल्या नावानं बोटं मोडत असणार, या भीतीनं तो दोन महिने जांभळदऱ्याकडं फिरकलाही नाही. जमीन तळ्यात जाणार अशी तहसिलाची नोटीस आली, तिलाही त्यानं टपालानंच उत्तर दिलं. रोज संध्याकाळी कडी वाजवून कुलूप काढायचा आणि सत्तेचाळीस नंबरापुढं बसायचा. गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी त्रिंबकचं कार्ड आलं. "आक्का येते. धारूरच्या गाडीवर थांबा."

छबुबाई गाडीतून उतरली. थोडी वाळली होती. दोघं चार मैल चालली, ती पुढं आणि हा मागं. गाव जवळ यायला लागलं तशी बद्रीनाथनं छत्री उघडून तोंडासमोर धरली.

"ऊन मागून हाय," छबुबाई म्हणाली.

"असू दे."

टेकडी ओलांडली आणि दोघं थांबली. सर्वे नंबर सत्तेचाळीसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तीनेकशे माणसं खणत होती. पाट्या या हातातून त्या हातात जात होत्या, आणि टेकड्यांच्या फटीत माणसाएवढा उंच मातीचा बांध उभा राहिला होता. बांधाच्या टोकाला बांबू आणि बांबूला लाल फडकं.

छबुबाईनं फडक्याकडं निरखून बघितलं. "माज्या लुगड्याचा पदर हाय त्यो."

"हो," बद्रीनाथ छत्रीमागून म्हणाला.

"जमीन कुटाय आपली?"

बद्रीनाथनं हळूच बोट वर करून ते सगळ्या खड्ड्याभोवती फिरवलं. "ही. म्हणजे, होती. पाऊस पडला की इथं तळं होणार आहे. पाझर तलाव. मावेजासाठी मी अर्ज केलाय. तीन प्रतींत."

आता काय होणार, या भीतीनं त्यानं डोळे मिटले. छबुबाई काही बोलली नाही. (आता त्याला तिच्या न बोलण्याचा अर्थ कळत होता, म्हणून तो जास्तच घाबरला.) ती चार पावलं पुढं गेली आणि खाली बघून मोठ्यानं ओरडली, "ओ बायांनो! प्यायाचं पानी हाय का?"

"ओ!" खालून पन्नासएक बायांनी एकदम डोकं वर केलं. "या की हिकडं! कोन हायसा?"

"आवो, त्ये बगा सायेब!" बायडाबाई ओरडली. "यादीवालं सायेब आलं!"

काम थांबलं. हरिबा टेकडी चढून धावत आला. मार खायच्या तयारीनं बद्रीनाथनं छत्री मिटली, तर हरिबानं त्याचे पाय धरले. छबुबाई आळीपाळीनं हरिबाकडं आणि आपल्या नवऱ्याकडं बघत राहिली.

"ह्यांना सायेब कावून म्हन्ता?"

"आक्का, ह्यांनी नावं लिवून नेली आन काम आलं. गावच्या बाया आता पाच मैल चालत न्हाईत. गाव सोडून जानार हुतो आमी समदे."

छबुबाई खाली गेली. बायांनी तिला मधे बसवून घेतलं, तांब्या दिला, आणि बोलणं सुरू झालं ते दिवस कलेपर्यंत थांबलं नाही. बद्रीनाथ बांधावर लाल तुकड्याखाली बसून होता. खालून तिचं हसणं ऐकू येत होतं. ते त्यानं किती वर्षांनी ऐकलं, याची नोंद कुठं केलेली नव्हती.

मग ती वर आली. "मिळालं ठिकान," ती म्हणाली.

"अगं, पण इथं तर पाणी उभं राहणार."

"जमिनीचं तुमी बगा. मी ठिकानाचं म्हन्ते. बायडाबाईची वसरी रिकामी हाय. कामावर पानी वाटाया एक बाई पायजेल, त्ये बी मुकादमानं मला सांगितलं. मी हितंच राहते."

"आणि मी?"

छबुबाईनं विचार केला. "तुमची नोकरी हाय की अजून वर्सभर. शनवारी येत जा."

अशा रीतीनं बद्रीनाथनं बायकोसाठी मनासारखी जागा शोधली आणि तो एकटाच बीडला परत आला. संध्याकाळी कडी वाजवली, कुलूप काढलं.

त्र्याहत्तरचा पाऊस चांगला झाला आणि बद्रीनाथचे बरेच शनिवार त्यातच बुडाले. आळीतल्या नळाला मात्र त्याची खबर लागली नव्हती. तो अजून चार दिवसांआडच येत होता. अशाच एका दिवशी जांभळदऱ्याहून कार्ड आलं, बायडाबाईच्या सुनेनं लिहिलेलं. "तळं भरलं. तुमच्या शेतावर दोन पुरुष खोल पाणी आहे. पाणी गोड आहे. तुमची विहीरपण त्यातच आहे. लोक विचारतात साहेब कधी येणार. मी म्हणते ते साहेब नाहीत, कुणी ऐकत नाही. तुमची आठवण येते. शनिवारी या. नकाशा आणू नका, वाट विचारत या."

आठवण येते, हे वाक्य त्यानं पाच-सहा वेळा वाचलं. त्रिंबक असता तर हे लिहिलंच गेलं नसतं. त्यानं भिंतीवरचा जांभळदऱ्याचा नकाशा काढून मांडीवर घेतला, संघातली लाल-निळी पेन्सिल काढली, आणि सर्वे नंबर सत्तेचाळीस निळा करायला बसला. घाई केली नाही. पट्टी लावून एकेक रेघ, एकीला दुसरी चिकटून. विहिरीचं गोल त्यानं जास्त गडद केलं. साडेचार एकर पाणी! आणि सगळं त्याच्या नावावर, सातबाऱ्यासकट. बाहेर कुणीतरी दोनदा हाक मारल्यासारखं वाटलं, पण रेघ अर्धी होती.

शेवटचा कोपरा भरून झाला तेव्हा चहाची वेळ झाली होती. घागरीत हात घातला, तर तळाला लागला.

बद्रीनाथनं तांब्या घेतला आणि समोरच्या दारात जाऊन उभा राहिला.

"केसरबाई, चहापुरतं पाणी मिळंल का?"

"आवो, आत्ताच तर नळ येऊन गेला. दोन हाका मारल्या तुमाला." केसरबाईंनी त्याच्या निळ्या झालेल्या बोटांकडं बघितलं. "आन साडेचार एकर पानी हाय ना तुमचं? कार्ड आलं तवाच तर सांगत हुता."

"हाय की," बद्रीनाथ म्हणाला, "पन ते धारूरकडं हाय," आणि त्यानं तांब्या पुढं केला.